कथलाचा थेंब

वाशीमहून पुसदकडे जाताना अनसिंग लागते. तिथल्या मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानात मागच्या पावसाळ्यात मी अर्धा तास बसून होतो. फोन चार्ज होत नव्हता. दुकानातल्या मुलाने तो उघडला, आतला बोर्ड काढून पकडीत आवळला, मायक्रोस्कोपखाली सरकवला आणि म्हणाला, "ट्रॅक उडाला काका, जंपर मारा लागते." मग त्याने केसाएवढी बारीक, वार्निश चढवलेली तांब्याची तार घेतली. तिचे टोक ब्लेडच्या अणीने खरवडून उघडे केले, त्याला फ्लक्सचा ठिपका लावला, तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने त्यावर कथलाचा पातळ थर दिला आणि तुटलेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब सोडून ती तार बसवली. धुराची बारीक रेघ वर गेली आणि फोनच्या पडद्यावर बॅटरीचे चित्र उमटले. खरवडणे, क्षार लावणे, तापवणे, कथील चढवणे. या चार क्रिया मी याच गावात लहानपणी पाहिल्या होत्या, पण त्या पितळेच्या घंगाळावर. या दोन दृश्यांच्या मधला रस्ता किती लांबचा आहे, हे पाहायचे म्हणून आपण जरा मागे जाऊ.

खूप मागे गेलो, तर हे काम आपल्याला छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात भेटतो. यज्ञात राहून गेलेली चूक कशी सांधावी हे सांगताना उपनिषदकाराने दाखला घेतला आहे तो धातू सांधणाऱ्या कारागिराचा. एका पदार्थाने दुसरा सांधत जाणारी ती मालिका आहे. तिच्यात सोने, चांदी, कथील, शिसे, लोखंड असे सारे येतात, आणि मालिकेच्या आरंभी धातू नसून क्षार आहे. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते. सांधा धातूने होतो हे कोणालाही दिसते, पण धातूवरचा मळ क्षाराने हटल्याशिवाय तो धरत नाही, हे हाताने काम केलेल्यालाच कळते. आपल्या सोनारांनी तो क्षार टाकणखाराच्या रूपाने जपला. समोर दिवा, ओठात फुंकणी, चिमट्यात दागिना आणि सांध्यावर टाकणखाराची चिमूट, ही त्यांची बैठक शतकानुशतके फारशी बदलली नाही. तिकडे रोममध्ये पहिल्या शतकात प्लिनीने दोन भाग शिसे आणि एक भाग कथील अशा मिश्रणाची नोंद करून ठेवली आहे. पाण्याच्या नळांचे सांधे त्याने भरत. आपल्याकडच्या 'रसरत्नसमुच्चया'त कथलाला वंग म्हटले आहे, आणि शुद्ध ते खुरक व हिणकस ते मिश्रक अशी त्याची पारखही दिली आहे.

आपल्या जिल्ह्याचे ठिकाण वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट वाशीमला १९३९ साली सापडला. त्या काळी असे पत्रे कड्यात ओवत आणि कड्याची टोके राजमुद्रेखाली सांधून टाकत. सांधा अभंग असला तर मधला पत्रा कोणी बदललेला नाही, हे सिद्ध होई. राजाच्या शब्दाची खातरजमा कारागिराच्या डाखेवर अवलंबून होती.

डाख हा आपल्या भाषेतला जुना शब्द. भांडे गळू लागले की त्याला डाख द्यायची. कोणी डाग देणे म्हणतात, कोणी झाळणे म्हणतात. हे काम करणारा कासार किंवा कल्हईवाला वर्षातून दोनदा-तीनदा गावात येई आणि निंबाखाली जमिनीत लहानसा खड्डा करून भाता बसवी. त्याची हत्यारे मोजकीच होती: लांब सांडशी, भाता, कापसाचा बोळा, नवसागराची पुडी आणि कथलाची कांडी. तो आधी घंगाळ वाळूने घासून घेई. मग निखाऱ्यांवर धरून फिरवी, आणि तापले की त्यात नवसागर टाकी. पांढरा, नाकात झोंबणारा धूर उठे. त्या उष्णतेत नवसागर फुटून पितळेवरची काजळी खाई, आणि ती खाल्ली जात असतानाच तो कथलाची कांडी टेकवी. कथील २३२ अंशांना वितळते. ते पाण्यासारखे पळे आणि बोळ्याच्या एका फटकाऱ्यात सारे भांडे आतून चांदीसारखे होई. आम्ही पोरे तो एक क्षण पाहायला तासभर उभी राहत असू. त्यातली घाई आज समजते. स्वच्छ झालेला तापलेला धातू हवेत क्षणभरच स्वच्छ राहतो, आणि तेवढ्यात कथील पोचवावे लागते. मोबाईलवाल्या मुलाच्या फ्लक्समध्ये नवसागराऐवजी बहुधा राळ असते. गरम झाल्यावर तिच्यातले आम्ल जागे होते आणि तांब्यावरचा मळ काढते. काम तेच.

या कलेचा हात विजेच्या तारेला लागला तो तारायंत्रामुळे. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले आणि १८५४ मध्ये मुंबई, आग्रा व कलकत्ता ही शहरे तारेने जोडली गेली. शेकडो मैल तार म्हणजे असंख्य सांधे, आणि प्रत्येक सांधा ऊन, पाऊस आणि ताण यांच्या तोंडी. नुसता पीळ दिला तर आत गंज चढतो आणि संदेश क्षीण होतो. नुसती डाख दिली तर कथील मऊ, ते ताणाने सुटते. म्हणून दोन टोके शेजारी ठेवून त्यांवर बारीक तार घट्ट गुंडाळायची आणि वरून डाख द्यायची, अशी रीत पडली. तिला ब्रिटानिया जोड म्हणतात. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेणारी मुले हा जोड आणि त्याचे भाऊबंद, वेस्टर्न युनियन, मॅरीड, रॅट टेल, हाताने करून शिकत आली आहेत. त्यातला धडा एकच आहे: बळ पिळाने द्यावे आणि कथलाने फक्त हवा बाहेर ठेवावी. पुढे रेडिओच्या काळातही हा धडा कामी आला. तारायंत्राच्या काळची डाख देण्याची सळई म्हणजे लोखंडी दांड्याला तांब्याचे जड डोके. ती शेगडीत तापवायची, आणि दोन सांधे होतात न होतात तोच पुन्हा शेगडीत घालायची. हे परावलंबन संपायला विजेची सळई यावी लागली. अमेरिकेत तशा सळया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाल्या होत्या, पण कारखान्यातल्या कामासाठी विजेची सळई १९२१ मध्ये जर्मनीच्या अर्न्स्ट झाक्स यांनी काढली.

त्याच सुमारास आपल्याकडे रेडिओ आला. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ मध्ये पहिले प्रक्षेपण केले आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. परदेशातले हौशी लोक तेव्हा स्वयंपाकघरातली पाव कापायची फळी घेत, तिच्यावर स्क्रूंनी व्हॉल्व्हचे सॉकेट आणि गुंडाळ्या बसवत आणि तारा ओढत. आज प्रयोगशाळेत जिला ब्रेडबोर्ड म्हणतात, तिचे नाव या खऱ्याखुऱ्या फळीवरून आले आहे. हाताने जुळवलेल्या यंत्राची ताकद काय असते, हे मुंबईने १९४२ मध्ये पाहिले. छोडो भारत आंदोलनात नेते तुरुंगात गेल्यावर उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ चालवला. युद्धामुळे हौशी प्रक्षेपकांचे परवाने बंद होते. तरी नरिमन प्रिंटर यांनी प्रक्षेपक जुळवला आणि शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांनी साहित्य पुरवले. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, जागा बदलत बदलत, ४२.३४ मीटरवर तो आवाज देशाने ऐकला. पोलीस मागावर असताना यंत्र उचलून दुसऱ्या घरात पुन्हा जोडायचे, हे ज्यांनी केले त्यांच्या हातातली पक्कड आणि सळईही त्या लढ्याची हत्यारे होती, असे मी मानतो.

नागपूर आकाशवाणी १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाली आणि वऱ्हाडातल्या गावांत रेडिओला घरचे बोलणे मिळाले. त्या रेडिओचे पोट उघडून पाहिले तर पत्र्याच्या सांगाड्याखाली तारांचे जाळे दिसे. या टोकापासून त्या टोकापर्यंत थेट ओढलेल्या तारा, मध्ये आधाराला टॅगपट्ट्या, उघड्या तारांवर कापडी नळ्या. प्रत्येक तार टॅगच्या भोकातून घालायची, पक्कडीने आकडा करून दाबायची आणि मगच डाख द्यायची. तोच तो तारायंत्राचा धडा. या पद्धतीने आपण केवढी मजल मारली, हे पाहायला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जावे लागेल. तिथे आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशात बनलेला संगणक १९६० मध्ये कामाला लागला आणि जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव टिफ्रॅक ठेवले. त्यात २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. म्हणजे नुसत्या रोधकांचीच टोके २५,००० झाली. एक सांधा कच्चा राहिला की गणित चुकणार, आणि तो कुठला हे शोधत तरुण अभियंत्यांनी रात्री काढायच्या. आपल्या संगणकाचा इतिहास सांगताना नावे घेतली जातात ती गणितज्ञांची. ते योग्यच आहे, पण हातात सळई धरून ती टोके सांधणाऱ्यांची यादी आपण कुठे ठेवली नाही, याची मला खंत वाटते.

एवढे सांधे हाताने देणे जगाला परवडणारे नव्हते, आणि सुटकेच्या वाटा आधीच शोधल्या जात होत्या. बर्लिनमध्ये अल्बर्ट हॅन्सन यांनी १९०३ मध्येच तारेऐवजी धातूच्या चपट्या पट्ट्या पृथक्कारी पत्र्यावर चिकटवण्याची कल्पना मांडली होती. चार्ल्स ड्यूकास यांनी १९२५ मध्ये पृष्ठावरच वाहक मार्ग उमटवण्याचे पेटंट मिळवले. दोघेही काळाच्या पुढे होते आणि विसरले गेले. पॉल आयस्लर हे ऑस्ट्रियातून लंडनला आलेले, छपाईचे ज्ञान असलेले अभियंते. त्यांनी १९३६ च्या सुमारास तांब्याच्या पातळ पत्र्यावर मार्ग छापून उरलेले तांबे आम्लात विरघळवण्याची रीत रेडिओवर करून दाखवली, तेव्हा उद्योगाने तिच्याकडे पाठ फिरवली. मग युद्ध आले, आणि तोफगोळ्यातल्या इवल्या मंडलाला तारांचे जाळे चालेना, तेव्हा छापील बोर्डाचे दिवस फिरले. इंग्लंडमध्ये १९५६ मध्ये वितळलेल्या कथलाच्या लाटेवरून सारा बोर्ड एकदम सरकवण्याचे तंत्र आले. हजार सांधे एका फेरीत होऊ लागले.

दुसरी वाट मात्र कथलालाच रजा देणारी होती, आणि या साऱ्या कथेत माझा जीव तिच्यावर विशेष आहे. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने १९५३ मध्ये ती जगापुढे ठेवली. चौकोनी खांब घ्यायचा आणि विशेष हत्याराने त्याच्याभोवती उघड्या तारेचे सहा-सात वेढे ताणून गुंडाळायचे. खांबाचे धारदार कोपरे तारेत रुततात. सात वेढे म्हणजे चार कोपऱ्यांवर अठ्ठावीस ठिकाणी तांबे दाबले जाते, इतके की मध्ये हवाही शिरत नाही. क्षार नको, उष्णता नको, आणि चूक झाली तर उलटे फिरवून तार काढता येते. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये, मोठ्या संगणकांत आणि १९६९ मध्ये माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलो यानाच्या संगणकातही तारा अशाच गुंडाळलेल्या होत्या. तारायंत्रवाल्यांनी बळासाठी पीळ आणि हवेसाठी कथील अशी विभागणी केली होती. इथे एकट्या पिळाने दोन्ही कामे केली. प्रयोगासाठी तर त्याहून सोपे साधन निघाले. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात स्प्रिंगच्या पट्ट्या आणि वर भोके, ज्यांत तारा नुसत्या खोचायच्या. अमेरिकेत रोनाल्ड पोर्तुगाल यांनी १९७१ मध्ये त्याच्या पेटंटचा अर्ज केला, आणि लाकडी फळीचे नाव या पांढऱ्या ठोकळ्याला मिळाले.

आपल्याकडे या गोष्टी एकापाठोपाठ एक न येता एकत्रच येऊन पोचल्या. पुण्याजवळ लोणीला फिलिप्सचे रेडिओ बनत. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ उभे राहिले आणि तिथे इलेक्ट्रॉनिक वस्तू जुळवण्याच्या कामावर मोठ्या संख्येने मुली बसू लागल्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातला पासोड्या विठोबाचा परिसर सुट्या भागांच्या दुकानांनी भरून गेला. दिल्लीहून १९६९ पासून निघणारे 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' घरोघरच्या हौशी मुलांना आकृत्या देऊ लागले. आम्ही तांब्याचा पत्रा चढवलेला बोर्ड आणून त्यावर ऑइल पेंटने रेघा काढत असू आणि फेरिक क्लोराइडच्या ताटलीत तो हलवत बसत असू. बोटांवरचे पिवळे डाग आठवडाभर जात नसत. रंगाखालचे तांबे उरे, बाकीचे जाई, आणि आयस्लरने लंडनमध्ये केलेले काम विदर्भातल्या एका ओसरीवर पुन्हा होई.

सांधा कसा द्यायचा हे मला शिकवले ते गावातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींनी. मी पहिला रेडिओ जुळवून त्यांच्याकडे नेला. तो बोलत नव्हता. त्यांनी आकृती पाहिली नाही, मीटरही लावला नाही. चिमट्याने एकेक तार हलकेच ओढत गेले, आणि तिसऱ्या का चौथ्या सांध्याची तार अलगद हातात आली. वरून गोळा चकचकीत होता, आत मात्र तार कोरडीच होती. मी सळईवर कथील घेऊन ते सांध्यावर थापले होते. "जागा तापू दे अगोदर," ते म्हणाले, "मंग कथील आपोआप धावते." त्यांनी सळईचे टोक तार आणि टॅग या दोघांना टेकवले, दोन श्वास थांबले आणि कथलाची तार पलीकडच्या बाजूने लावली. ते खरेच धावले, कल्हईवाल्याच्या घंगाळात धावे तसे. मग ट्रान्झिस्टरचा पाय सांधताना पक्कडीने तो वरच्या अंगाला कसा धरायचा, म्हणजे उष्णता पक्कडीत जाऊन आतले जर्मेनियम वाचते, हेही त्यांनी दाखवले. व्हॉल्व्हच्या काळातली जाड सळई त्यांनी कधीच बाजूला ठेवली होती आणि पंचवीस वॅटची आणली होती.

कथलाची ती तार म्हणजे साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे, पोटात राळ. कथील त्रेसष्ट आणि शिसे सदतीस असे प्रमाण जमले तर मिश्रण १८३ अंशांनाच वितळते, कथलाहूनही कमी आणि ३२७ अंशांच्या शिशाहून कितीतरी कमी. प्लिनीच्या मिश्रणापासून इथवर येताना उलटले ते प्रमाण. पण शिसे हे विष आहे, विशेषतः लेकरांना, आणि फेकलेल्या बोर्डांतून ते माती-पाण्यात उतरते. युरोपने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर कडक मर्यादा घातली. आपले ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले आणि त्यांतही ही मर्यादा आली. शिसे काढल्यावर आलेले कथील-चांदी-तांब्याचे मिश्रण २१७ अंशांच्या आसपास वितळते, त्याची सळई अधिक तापवावी लागते आणि सांधा दिसायला निस्तेज असतो. म्हणून दुरुस्तीच्या टेबलांवर शिसेवाली तार अजून टिकून आहे. सळईच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. ते पोटात जाते ते बोटांवरून, चहा-भाकरीबरोबर, आणि राळेचा धूर छातीत दमा उठवतो. हे काम करणाऱ्या प्रत्येक मुलाने शेजारी एक छोटा पंखा धूर बाहेर ओढेल असा लावावा आणि खाण्याआधी साबणाने हात धुवावेत, हे मी इथे मुद्दाम लिहितो.

आज अनसिंगच्या परिसरात ही कला कुठे दिसते ते पाहू. रब्बीच्या हंगामात विहिरीवरच्या मोटरचा ऑटो स्टार्टर बंद पडतो आणि शेतकरी त्याचा बोर्ड पिशवीत घालून दुकानात आणतो. सोयाबीन फवारायच्या बॅटरी पंपाची तार तुटते. टीव्हीचा सप्लाय जातो. कारखान्यात यंत्राने बसवलेले भाग इथे पुन्हा माणसाच्या हातात येतात, आणि फोनच्या बोर्डावर जंपर पडतो तेव्हा व्हॉल्व्हच्या रेडिओच्या काळची, या टोकापासून त्या टोकापर्यंत थेट तार ओढायची रीत पुन्हा जिवंत होते. छापील बोर्डाने तार घालवली असे म्हणतात, ते कारखान्यापुरते खरे आहे. दुसऱ्या टोकाला, २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग योजनेतून ज्या शाळांना प्रयोगशाळा मिळाल्या, तिथली मुले पांढऱ्या ब्रेडबोर्डवर तारा खोचून दिवे लावतात. खोचलेली तार धक्क्याने निघते, तेव्हा ती सांधायला हीच मुले सळई मागतील.

स्टीलची भांडी आल्यावर कल्हईवाला गावात येईनासा झाला. पण त्याचा भाता, सांडशी, सोनाराची फुंकणी, रेडिओ मिस्त्रींची जाड सळई ही हत्यारे अजून कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या कोठ्यात पडलेली असतील. ती किलोच्या भावाने भंगारात देऊ नका. गावच्या शाळेत नेऊन द्या, ब्रेडबोर्डच्या शेजारी मांडायला सांगा, आणि ज्यांना ती वापरता येतात असे कोणी हयात असतील तर त्यांना एक दिवस त्या मुलांपुढे बसवा.